परसबागेतील आवळा : वाणांच्या निवडीचा इतिहास आणि तळोजा परिसर

सारांश

घराच्या परसात आवळ्याचे कोणते झाड लावावे, हा प्रश्न वरकरणी केवळ फलोत्पादनाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर प्रत्येक काळात जमीन, पाणी, सणवार आणि बाजार यांनी मिळून ठरविले आहे. प्रस्तुत निबंधात रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तळोजा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या निवडीच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. उत्तर भारतातील फळबागांसाठी ठरलेली वाणांची प्रतवारी अतिवृष्टीच्या, खाडीलगतच्या आणि जागेची टंचाई असलेल्या परिसराला जशीच्या तशी लागू पडत नाही; तेथे 'उत्तम वाण' कोणता, हे झाड कोठे व कशासाठी लावायचे यावर अवलंबून राहते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : परसबाग, आवळा, रायआवळा, वाण, खार जमीन, तळोजा, भूसंपादन.

१. प्रस्तावना

कृषी-इतिहासाच्या अभ्यासात भात, ऊस, कापूस यांसारख्या पिकांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे परसातील झाडांना मिळालेले नाही. शेताचा सारा ठरविला जातो, त्याच्या नोंदी होतात. परसातील शेवगा, लिंबू, केळ किंवा आवळा यांचा हिशेब मात्र घरातच राहतो. वास्तविक, कोणते झाड दाराशी असावे याविषयीचा कुटुंबाचा निर्णय हा त्या परिसराच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचा एक बोलका पुरावा असतो. झाड एकदा लावले की पुढील चाळीस-पन्नास वर्षे जागा अडवून बसते. म्हणूनच ही निवड चुकली तर एका हंगामावर भागत नाही, जवळजवळ एका पिढीची संधी जाते.

तळोजा परिसराच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तळोजे पाचनंद आणि तळोजे मजकूर या गावांचा हा परिसर पारसिकची डोंगररांग आणि मलंगगड-माथेरानची रांग यांच्या दरम्यान, कासाडी नदीच्या काठी वसला आहे. भातशेतीचे गाव, औद्योगिक क्षेत्र आणि नियोजित नगर अशी तीन स्थित्यंतरे त्याने अवघ्या अर्धशतकात पाहिली. या प्रत्येक स्थित्यंतरात घराभोवतीच्या मोकळ्या जागेचे स्वरूप बदलले आणि त्याबरोबर झाडाच्या निवडीचे निकषही बदलले.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) 'आवळा' या नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या भिन्न वनस्पतींचा उलगडा करणे.
(२) रानआवळ्यापासून कलमी वाणांपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेणे.
(३) तळोजा परिसरातील जमीन, पाणी व वस्ती यांच्या संदर्भात या वाणांची योग्यता तपासणे.

२. नावांचा उलगडा : आवळा, रायआवळा आणि गूसबेरी

इंग्रजी अमदानीत आवळ्याला 'इंडियन गूसबेरी' असे नाव मिळाले आणि ते शालेय पुस्तकांपर्यंत रूढ झाले. युरोपातील गूसबेरी हे थंड हवेतील काटेरी झुडूप असून त्याचे कुल 'रायबीस' हे आहे. आवळ्याशी त्याचे कोणतेही नाते नाही. गोल, हिरवट, उभ्या रेषांचे आंबट फळ एवढेच साम्य. आवळ्याचे शास्त्रीय नाव 'फायलॅन्थस एम्ब्लिका' असून लिनियसने १७५३ मध्ये ते दिले. त्याच्या कितीतरी आधी, १६७८ पासून ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील आवळ्याचे सचित्र वर्णन आले होते.

कोकणातील परसात आवळा या नावाने आणखी एक झाड उभे असते. त्यास रायआवळा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव 'फायलॅन्थस ॲसिडस'. लिनियसने त्याला प्रथम कमरखाच्या कुलात घातले होते. १९०९ मध्ये स्कील्स याने त्याला आजचे नाव दिले. रायआवळ्याची फळे जाड फांद्यांना घोसांनी लगडतात, ती फिकट पिवळी, कंगोरेदार आणि अतिशय आंबट असतात. शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-तिखट लावून विकली जाणारी ती हीच. त्यांत आवळ्याचा तुरटपणा नाही आणि जीवनसत्त्व 'क'चे तसे भांडारही नाही. आयुर्वेदातील 'आमलकी' म्हणजे रायआवळा नव्हे. तिसरे फळ 'केप गूसबेरी' अर्थात रसभरी. ते दक्षिण अमेरिकेतून आलेले असून वांगी-टोमॅटोच्या कुळातले आहे.

हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. रोपवाटिकेतून 'आवळा' म्हणून आणलेले रोप रायआवळ्याचे निघाल्यास मोरावळ्याची अपेक्षा ठेवणाऱ्या कुटुंबाची निराशा ठरलेली असते. पानगळीच्या वेळी किंवा कोवळ्या रोपाच्या अवस्थेतही पानांवरून दोहोंतील फरक ओळखता येतो. आवळ्याची पर्णिका चिंचेच्या पानासारखी अरुंद व बारीक असते, तर रायआवळ्याची रुंद, टोकदार आणि मोठी असते.

३. ग्रंथपरंपरा आणि घरातील उपयोग

आवळ्याचे महत्त्व प्राचीन वाङ्मयात ठायी ठायी दिसते. चरकसंहितेने वय टिकविणाऱ्या द्रव्यांत आमलकाला अग्रस्थान दिले असून च्यवनप्राशाच्या पाठात पाचशे आवळ्यांचा निर्देश आहे. 'अशोकावदान' या बौद्ध ग्रंथात सम्राट अशोकाचे अखेरचे दान म्हणजे अर्धा आवळा, अशी कथा आहे. नागर शैलीच्या मंदिरशिखरावरील कंगोरेदार चकतीला 'आमलक' हेच नाव आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथाने बाग लावण्याचे शास्त्र अधिक विस्ताराने मांडले.

मराठी मुलखाशी थेट संबंध असलेली एक महत्त्वाची नोंद पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याची आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हरड्याच्या पाच प्रकारांची चर्चा असून त्यांत आवळ्याचाही समावेश आहे. व्यापाऱ्यांच्या वखारीत हिरडा, बेहडा आणि आवळा हे तिन्ही एकाच जिनसाच्या सदरात मोडत असत, हे यावरून ध्यानात येते. वैद्यक आणि कातडी कमावण्याचा धंदा या दोन्हींसाठी त्यांना मागणी होती.

या सर्व उल्लेखांत फळाचे गुण आहेत. 'वाण' मात्र नाहीत. आवळा हा रानातून यावयाचा आणि त्याचे रोप आठळीतून उगवायचे, हेच गृहीत होते. आठळीतून वाढलेले प्रत्येक झाड आपल्या मातृवृक्षापेक्षा थोडे निराळे असते. कोणाची फळे लवकर पिकतात, कोणाची उशिरा. कोणाची रेषाळ, कोणाची रसाळ. अशा स्थितीत निवड ही वाणाची नसून झाडाची असे. चांगल्या झाडाची आठळी शेजाऱ्याला देणे, एवढाच तिचा प्रसार.

घरातील निकष काय होते, हे उपयोगावरून स्पष्ट होते. कार्तिकात आवळी भोजन असते, कार्तिक शुद्ध नवमीला आवळ्याच्या झाडाची पूजा होते आणि शुद्ध द्वादशीपासून सुरू होणाऱ्या तुळशीविवाहात वृंदावनात ऊस, चिंच आणि आवळा ठेवतात. म्हणजे तोवर झाडावर फळ धरलेले आणि तोडण्याजोगे असावे लागते. त्यानंतर मोरावळा, लोणचे, आवळासुपारी आणि केसांसाठी शिकेकाईबरोबर वापरायची आवळकाठी. युनानी वैद्यकातील 'जवारिश आमला' आणि मुसलमान घरांतील मुरब्बा हेही याच फळाचे. एका कुटुंबाला यासाठी क्विंटलभर आवळे लागत नाहीत. हंगामात दोन-तीन टोपल्या पुरतात, पण त्या वेळेवर मिळाव्या लागतात.

४. तळोज्याची भूमी आणि गावठाणातील परस

पनवेल तालुका प्रारंभी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला आणि १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तालुक्याच्या पश्चिमेकडील सखल पट्टा खाडीच्या भरती-ओहोटीच्या कक्षेत येतो. बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे आणि खारी जमीन भाताखाली आणायची, ही येथील आगरी समाजाची शतकानुशतकांची विद्या. मिठागरे, खाजण आणि खारभात ही या भूमीची ओळख. पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र स्थापन झाले ते याच कारणाने. 'पनवेल-१', 'पनवेल-२' आणि 'पनवेल-३' या क्षारसहनशील भाताच्या जाती या केंद्रातून पुढे आल्या.

या भूमीत गावठाण हे नेहमी उंचवट्यावर असते. घरे एकमेकांना लागून आणि परस आटोपशीर असतो. चौल-अलिबागच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांसारखा येथे विस्तीर्ण वाडीचा प्रकार नाही. सांडपाण्यावर अळू व केळ, कुंपणाला शेवगा, दाराशी तुळस अशी मांडणी असते. आवळ्यासारख्या मोठ्या झाडाला जागा मिळायची ती परसाच्या कडेला, देवळाच्या आवारात किंवा डोंगराच्या पायथ्याच्या वरकस जमिनीत. शिवाय कर्नाळा, माथेरान व मलंगगडाच्या उतारांवरील जंगलांत रानआवळा होताच. ठाकूर आणि कातकरी समाजाच्या स्त्रिया रानमेवा बाजारात आणतात, त्यात आवळ्याचाही वाटा असतो. जंगल जवळ असेतोवर परसात मोठ्या फळाचा आवळा लावण्याची निकड कमी होती. परसाची निवड जंगलाच्या जवळिकीवरही अवलंबून असते, हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

५. कलमी वाणांचा उदय

आवळ्याच्या नावारूपाला आलेल्या वाणांचे मूळ उत्तर प्रदेशात आहे. वाराणसी, प्रतापगड आणि अयोध्या (पूर्वीचा फैजाबाद) या पट्ट्यात बनारसी, फ्रान्सिस व चकैया हे तीन वाण दीर्घकाळ प्रतिष्ठा पावले. बनारसीचे फळ मोठे, कमी रेषांचे आणि लवकर तयार होणारे. परंतु त्याला मादी फुले कमी येतात, त्यामुळे उत्पन्न बेताचे असते आणि फळ फार काळ टिकत नाही. फ्रान्सिसला 'हाथीझूल' असेही म्हणतात, कारण त्याच्या फांद्या खाली झुकतात. त्याचे फळ आतून काळे पडते; या विकृतीवर बोरॉनची फवारणी हा उपाय सांगितला जातो. चकैया उशिरा तयार होतो, तो टिकाऊ पण रेषाळ असतो. लोणचे व आवळकाठीसाठी तो चालतो, मात्र एका वर्षाआड भरघोस येण्याची त्याची खोड आहे.

या तिन्ही वाणांच्या उणिवा दूर करण्याचे काम आचार्य नरेंद्र देव यांच्या नावाने कुमारगंज येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात झाले. तेथील वाणांच्या नावांमागे 'नरेंद्र आवळा' हा शब्दसमूह आहे, तो या समाजवादी विचारवंतामुळे. नरेंद्र आवळा-४ म्हणजे 'कांचन', हा चकैयाच्या रोपांतून. नरेंद्र आवळा-५ म्हणजे 'कृष्णा', हा बनारसीच्या रोपांतून. नरेंद्र आवळा-६ चकैयातून, नरेंद्र आवळा-७ फ्रान्सिसच्या रोपांतून आणि नरेंद्र आवळा-१० पुन्हा बनारसीच्या रोपांतून निवडण्यात आला. यांपैकी कोणताही वाण हेतुपूर्वक संकर करून घडविलेला नाही. आठळीतून आपोआप उगवलेल्या रोपांतील वेगळे, गुणी झाड हेरून त्याची कलमे केली गेली. म्हणजेच गावोगावच्या परसांत जे नकळत चालले होते, तेच येथे शास्त्रीय शिस्तीने करण्यात आले. पुढे गुजरातमधून 'आनंद-१' व 'आनंद-२', गोध्रा येथील केंद्रातून 'गोमा ऐश्वर्या' आणि तमिळनाडूतील भवानीसागर येथून 'बी.एस.आर.-१' हे वाण आले.

या निवडीत फळाचे वजन हा प्रमुख निकष राहिला. रानआवळा सुपारीएवढा, काही ग्रॅमचा. तर कलमी फळ तीस ते पन्नास ग्रॅमच्या घरातले. या संदर्भात इंग्लंडमधील गूसबेरीचा इतिहास तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे कारागीर व कामगार आपल्या घरामागच्या बागेत सर्वांत वजनदार गूसबेरी पिकविण्याच्या स्पर्धा भरवीत. यॉर्कशरमधील एग्टन ब्रिज येथील मंडळ १८०० पासूनचे आहे. या हौशी निवडीमुळे रानटी फळाच्या तुलनेत वजन सात-आठ पटींनी वाढल्याची नोंद चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात घेतली. मात्र दोन्ही निवडींत एक भेद लक्षणीय आहे. गूसबेरीचे वजन परसातल्या माणसाने स्वतःच्या हौसेसाठी वाढविले. आवळ्याचे वजन प्रामुख्याने बाजार व प्रक्रिया उद्योग यांच्यासाठी वाढले आणि नंतर ते परसात आले.

६. योजना, रोपवाटिका आणि वाणांचा प्रसार

महाराष्ट्रात कलमी आवळ्याचा प्रसार घडविणारी निर्णायक घटना म्हणजे १९९०-९१ पासून राबविण्यात आलेली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना. पडीक व हलक्या जमिनीवर फळझाडे लावण्यासाठी शेतकऱ्याला अनुदान मिळू लागले आणि अनुदानपात्र झाडांत आवळ्याचा समावेश झाला. कोकणात या योजनेचा मुख्य लाभ आंबा व काजू यांना झाला, तर आवळा प्रामुख्याने कोरडवाहू भागात रुजला. परंतु योजनेमुळे रोपवाटिकांचे जाळे उभे राहिले आणि कृष्णा, कांचन, चकैया व नरेंद्र आवळा-७ यांची कलमे तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागली. परसात झाड लावू पाहणाऱ्या कुटुंबापुढे आता आठळीऐवजी चिठ्ठी लावलेले कलम आले.

कलमाचे लाभ निर्विवाद आहेत. आठळीचे झाड फळावर येण्यास सहा ते आठ वर्षे घेते, कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखविते, आणि फळ कसे असेल याची खात्री असते. परंतु या खात्रीबरोबर एक उणीव आली. आवळ्याच्या झाडावर नर व मादी फुले वेगवेगळी असली तरी ती एकाच झाडावर असतात. तथापि अनेक वाणांत स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही. म्हणून बागेत किमान दोन वाण मिसळून लावावेत, अशी शिफारस केली जाते. गावठाणात आठळीची निरनिराळी झाडे असताना ही अडचण जाणवण्याचे कारण नव्हते. शेजाऱ्याचे झाड आपोआप परागदाता होते. एकाच वाणाचे एकटे कलम लावणाऱ्या घराला मात्र भरपूर फुले आणि मोजकी फळे असा अनुभव येऊ शकतो. फळ कमी लागले की दोष खताला दिला जातो. मूळ कारण परागाच्या अभावात असते.

७. 'चोपण' आणि 'खार' : एका शिफारशीचे स्थलांतर

आवळा 'खारवट-चोपण जमिनीतही येतो' हे वाक्य फलोत्पादनविषयक माहितीपत्रकांत सर्रास आढळते. ते असत्य नाही; पण ते कोठे जन्मले हे पाहणे अगत्याचे आहे. उत्तर प्रदेशच्या गंगेच्या मैदानात 'ऊसर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चोपण जमिनींचे विस्तीर्ण पट्टे आहेत. तेथे मातीत सोडियमचे प्रमाण जास्त आणि सामू साडेनऊच्या आसपासपर्यंत चढलेला असतो. अशा जमिनीत टिकणारे फळझाड म्हणून आवळ्याची कीर्ती झाली. या भागात पाऊस सुमारे हजार मिलिमीटर पडतो आणि वर्षाचा मोठा काळ कोरडा असतो.

पनवेलच्या खार जमिनीची जातकुळी वेगळी आहे. येथील क्षार समुद्राच्या पाण्यातून आलेले असून भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते. पावसाचे सरासरी मान तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असल्याने पावसाळ्यात क्षार धुऊन जातात. मग झाडापुढील खरा शत्रू उरतो तो साचलेल्या पाण्याचा. आवळा दुष्काळ सोसतो, क्षारही बऱ्याच प्रमाणात सोसतो. मुळाशी तुंबलेले पाणी मात्र त्याला मानवत नाही. भातखाचर बुजवून तयार केलेल्या भूखंडावर खड्डा खणून लावलेले कलम पहिल्या पावसाळ्यातच पिवळे पडते, याचे कारण येथे सापडते. खड्डा हाच पाण्याचा हौद होतो.

याउलट झाडाचे ऋतुचक्र कोकणाशी चांगले जुळते. आवळ्याला फुले वसंतात येतात. फळधारणा झाल्यावर गर्भ उन्हाळाभर सुप्तावस्थेत राहतो आणि पावसाळ्यात त्याची वाढ सुरू होते. म्हणजे ऐन पाणीटंचाईत झाडाला फारसे पाणी लागत नाही. उन्हाळ्यात नळाच्या पाण्यावर विसंबणाऱ्या वसाहतीसाठी ही जमेची बाजू आहे. निचरा साधला तर आवळा येथे उपरा राहत नाही. तेव्हा 'जमीन खारी आहे, म्हणून आवळा लावावा' हा युक्तिवाद अपुरा असून 'पाणी निघून जाते काय' हा पहिला प्रश्न ठरतो. खार जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. बांध, उघाडी आणि उंचवटा ही त्याचीच उत्तरे होत.

८. भूसंपादन आणि परसाचा संकोच

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे तळोजा येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात उरण तालुक्यात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यातून साकारलेल्या साडेबारा टक्के योजनेने प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड मिळवून दिला.

या इतिहासाचा परसाशी असलेला संबंध सहसा विचारात घेतला जात नाही. संपादनात शेतजमिनीचा मोबदला ठरतो, क्वचित झाडांचीही मोजणी होते. पण एखाद्या घराण्यात तीन पिढ्या आठळीतून वाढवलेल्या झाडाचा विशिष्ट गुण मोजण्याचे कोष्टक अस्तित्वात नसते. आठळीचे झाड तुटले की तो प्रकार कायमचा जातो, कारण त्याचे कलम कोणी केलेले नसते. बनारसीच्या एका अनाम रोपातून 'कृष्णा' निपजला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या हानीचे गांभीर्य कळते. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारती उभ्या राहिल्या, गावठाणातही घरे वर चढली आणि परसाची जागा जिन्याने व वाहनतळाने घेतली.

२०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. २०१८ च्या सिडकोच्या गृहनिर्माण सोडतीत तळोज्याचा समावेश होता आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. नव्या वसाहतीत 'परस' म्हणजे इमारत व कुंपण यांमधील दोन-तीन मीटरची पट्टी, सामायिक उद्यान किंवा गच्ची. पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न वेगळाच. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक परिसरात निळे पडलेले कुत्रे दिसल्याची वृत्ते सर्वत्र गाजली आणि कासाडीच्या प्रदूषणाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. खाण्याच्या फळासाठी नदी-नाल्याचे पाणी वापरण्यापूर्वी त्याची तपासणी करून घेणे, ही येथे अनिवार्य पायरी ठरते.

९. तळोज्यातील निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे तीन प्रकारच्या जागांसाठी निवडीची दिशा सांगता येते.

(अ) गावठाणातील किंवा डोंगरपायथ्याचा उंच परस. येथे निचरा चांगला व जागा बऱ्यापैकी असते. कुटुंबाचा मुख्य हेतू कार्तिकातील फळ आणि मोरावळा हा असल्यास लवकर तयार होणारा कृष्णा हा वाण अनुरूप आहे. त्याच्या जोडीला कांचन किंवा नरेंद्र आवळा-७ लावल्यास परागाची सोय होते आणि तोडणीचा काळही लांबतो. उत्तरेत कृष्णा व बनारसी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कांचन व नरेंद्र आवळा-७ त्यानंतर आणि चकैया डिसेंबर-जानेवारीत तयार होतो. कोकणात तारखा थोड्या सरकल्या तरी हा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. केवळ चकैया लावणाऱ्या घराला तुळशीविवाहाचे आवळे बाजारातूनच आणावे लागतील. परसात आठळीचे जुने झाड असल्यास ते तोडू नये. तेच नव्या कलमाचा परागदाता होईल आणि त्याच्या फांद्यांवर नवा डोळा भरणेही शक्य आहे.

(आ) भातखाचर बुजवून झालेला सखल भूखंड. येथे वाणापेक्षा लागवडीची रीत महत्त्वाची ठरते. खड्ड्याऐवजी दोन-अडीच फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर कलम लावणे आणि पाण्याला चर काढून देणे आवश्यक आहे. वाण निवडताना जोमदार वाढीच्या नरेंद्र आवळा-७ चा विचार करता येतो. तो लवकर फळावर येतो आणि आतून काळा पडत नाही. मात्र फळांच्या भाराने त्याच्या फांद्या मोडतात, म्हणून सुरुवातीपासून छाटणी करून सांगाडा मजबूत करावा लागतो व पुढे टेकू द्यावे लागतात. पाणी हटतच नसेल, तर आवळ्याचा आग्रह सोडून दमट किनारी हवेत रमणारा रायआवळा उंचवट्यावर लावणे शहाणपणाचे. त्यापासून मोरावळा होणार नाही, पण लोणचे व मुलांची चंगळ होईल.

(इ) वसाहतीचे सामायिक आवार. फळबागेत आवळ्याच्या दोन झाडांत सात ते आठ मीटर अंतर राखतात. दोन-तीन मीटरच्या पट्टीत हे झाड भिंतीला भिडते. गच्चीवरील पिंपात ते जगले तरी त्याच्याकडून टोपलीभर फळांची अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून येथे आवळा ही एका घराची नव्हे, संपूर्ण गृहसंस्थेची निवड असावी. एका संस्थेने उद्यानात कृष्णा आणि लगतच्या संस्थेने कांचन लावल्यास दोघांनाही फळ मिळेल. जुन्या आळीत जे शेजारामुळे आपोआप घडत होते, ते येथे विचारपूर्वक घडवावे लागते.

फळाच्या वजनाविषयीही पुनर्विचार आवश्यक आहे. जुन्या आहारतक्त्यांत आवळ्यातील जीवनसत्त्व 'क' शंभर ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम दिलेले आढळते. तथापि हे प्रमाण वाण, पक्वता आणि साठवण यांनुसार बरेच बदलते. मोठे फळ म्हणजे अधिक गुणकारी फळ, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही. मोठे फळ किसायला व मुरवायला सोपे आणि बाजारात उठून दिसणारे, एवढाच त्याचा अर्थ. लहान घरात आवळकाठी, सुपारी व लोणच्यासाठी मध्यम आकाराचा, नियमित फळणारा कांचन अधिक उपयुक्त ठरू शकतो. प्रक्रिया उद्योगातही तो प्रिय आहे तो याच गुणांमुळे.

१०. निष्कर्ष

(१) आवळ्याच्या वाणांचा इतिहास हा मुळात अनाम रोपांतून गुणी झाड हेरण्याचा इतिहास आहे. विद्यापीठांनी त्याला शिस्त दिली; त्याचा कच्चा माल मात्र परसांनी व रानांनी पुरविला. नागरीकरणात परस व रान दोन्ही आटत असताना निवडीचा हा मूळ स्रोतच आटत जातो.

(२) वाणांची प्रचलित प्रतवारी फळबाग व बाजार यांच्या गरजांतून घडली आहे. परसबागेच्या गरजा निराळ्या आहेत. तेथे एकूण उत्पन्नापेक्षा वेळ, नियमितपणा, जागा आणि सोबतीचे झाड यांना महत्त्व आहे.

(३) शिफारस एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाते तेव्हा शब्द तेच राहतात, पण भूमी बदलते. 'खारवट' या एका शब्दात ऊसर व खार यांचा झालेला घोटाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. तळोज्यात क्षारापेक्षा साचलेले पाणी अधिक घातक आहे.

(४) आवळा देऊन कोहळा काढावा, अशी म्हण मराठीत आहे. नगरविकासाच्या व्यवहारात तळोजा परिसराने शेत दिले आणि भूखंड घेतला; त्यात आवळा कोणता व कोहळा कोणता, याचा निवाडा आर्थिक इतिहासाने करावयाचा आहे. परंतु गावठाणांत अजून उभ्या असलेल्या आठळीच्या झाडांची नोंद करणे, त्यांतील लवकर फळणाऱ्या व दमट हवेत निरोगी राहणाऱ्या झाडांची कलमे करून ती वसाहतींच्या उद्यानांत लावणे हे काम परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि राष्ट्रीय सेवा योजना विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे. कोकणाच्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली झाडे हाताशी असताना तळोज्यातील परसासाठीचा योग्य आवळा केवळ दूरच्या रोपवाटिकेच्या यादीत शोधणे अपुरे आहे. जुन्या झाडाची पारख आणि नव्या कलमाची विद्या यांचा मेळ घातल्यासच ही निवड पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.